दहापैकी दोनच
चढाच्या प्रत्येक वळणावर नवरोबा थांबायचे, मनगटावरचं घड्याळ ट्रेकच्या ग्रुपला दाखवायचे आणि छाती फुगवून सांगायचे, “हृदयाचे ठोके एकशे साठ, पण दम लागलाय दहापैकी दोनच! याला म्हणतात तयारी.” दोघांच्या सॅक घेऊन मी मागून धापा टाकत होते, कौतुक करायला श्वास कुठला? माथ्यावर स्वारी सावलीत आडवी झाली. मी कशीबशी पोचले, तर घड्याळात एकशे साठच. “अगं, पडलोय तरी ठोके उतरेनात! मला काहीतरी होतंय!” मी माझ्या शर्टाआडून ठोके मोजणारा छातीचा पट्टा सोडून त्यांच्या पोटावर टाकला. आकडे गायब. “काचतो म्हणून सकाळी हा मलाच बांधलात ना? हा ज्याच्या छातीवर, त्याचेच ठोके घड्याळ दाखवतं.” माझा लालबुंद चेहरा समोर असूनही ते कळवळले, “म्हणजे माझा अख्खा चढ मोजलाच गेला नाही?” दोन्ही सॅक तिथेच ठेवून मी उतरायला लागले. दम? दहापैकी शून्य.