उघडलेले डोळे

नियम मंजूर झाला तर फायदा एकट्या उत्तरेश्वरअण्णांचा होता, कारण परंड्याच्या फोटोग्राफर संघटनेत कॉम्प्युटर न येणारे तेवढेच उरले होते. बैठकीत अण्णांनी वाचलं, "मेलेल्या माणसाच्या फोटोतले मिटलेले डोळे एआयनं उघडून द्यायचे नाहीत." "तुम्ही जन्मभर ब्रशनं उघडलेत की, अण्णा! तवा चालत होतं व्हय?" कॉम्प्युटरवर फोटो करणाऱ्या शंभूनं डिवचलं. सगळे हसले. अण्णांनी पिशवीतून बायकोची फ्रेम काढली. जिवंतपणी तिचा फोटो काढायचा राहूनच गेलेला. ती गेल्यावर काढला, ब्रश धरवेना म्हणून शंभूकडं दिला. "डोळे लई भारी आलेत की," शंभू म्हणाला. "व्हय. पण ती तिरळी होती. तुझ्या मशीननं सरळ केली. आता तिला आठवाया गेलं की ही परकी बाई समोर येती." नियम एकमतानं मंजूर झाला. गिऱ्हाईक सगळ्यांचं थोडंथोडं गेलं. बायको गेली एकट्या अण्णांची, दुसऱ्यांदा.