निळी पाठ

गळाला लावायचे मऊ प्लास्टिकचे रंगीत मासे दर्पण घरीच ओतायचा. चार वर्षांपूर्वी साच्यात गुलाबी पोटं ओतून झाली आणि बोटीच्या तांडेलाचा फोन आला. गुजरातेत ओख्याच्या मासेमारी बोटीवर न्यायला गाडी मनोरला उभी होती.

"निळी पाठ मी परत आल्यावर ओततो," तो बायकोला, उन्नतीला हसत म्हणाला. "तवर साचा गार होऊ देऊ नको. गार झाला की वरचा रंग धरत नाय."

बोट समुद्रात पाकिस्तानच्या हद्दीत पकडली गेली. दर्पण अजून तिकडच्या तुरुंगात आहे.

आता मासे उन्नती ओतते. तो गुलाबी पोटांचा एक साचा मात्र रोज संध्याकाळी तव्यावर गरम करून ठेवते.

"गॅस फुकट येतो काय?" सासरे कमलाकांत रोज कावतात. "येडी झालीस. वितळव ती पोटं आन् नवीन ओत."

काल ती बोईसरला पार्सल टाकायला गेली आणि परतीची एसटी चुकली. घिवलीत घरी पोचली तेव्हा दिवेलागण उलटून गेली होती. चपला न काढताच ती गॅसपाशी धावली, साच्याला हात लावला.

गरम होता.

सासरे ओटीवर पाठ करून जाळं शिवत बसले होते.

"फडकं जागेवर ठेवत जा," ते म्हणाले. "हात भाजला माजा."