आतली कडी

"कड्यांचं पाकीट संपलं," मावशी म्हणाली. "नव्या उद्या येतील. दुकान आज बंद आहे."

नवी आलेली बाई खोलीच्या दारात उभी होती. काल आल्यापासून ती पाठ दाराला टेकवूनच बसली होती, झोपलीसुद्धा तशीच. तिने जमिनीवरची पिशवी उचलली.

"मग मी परत जाते. तिथे निदान मार कुठून येणार ते तरी ठाऊक असतं."

घर सोडून आलेल्या बायकांच्या या घरात सुतारकाम मावशीकडे होतं, आणि दारांचा रिवाजही तिचाच. बाहेरून कडी एकाही दाराला नाही. आतली कडी जिची तिने स्वतःच्या हाताने बसवायची. पुढे स्वतःच्या पायावर उभी राहून निघाली, की ती काढून सोबत न्यायची, नव्या घराला लावायला. त्यामुळे दारांची पार चाळण झाली होती. जुनी भोकं बुजवताना मावशी दरवेळी कुरकुरायची, पण मनातून तिला त्या भोकांचा अभिमान होता.

"टेक जरा," ती म्हणाली. बराच वेळ ती हत्यारांच्या पेटीत नुसतीच हात घालून बसली. मग तळातून फडक्यात गुंडाळलेली एक कडी काढली. पितळी, काळी पडलेली, पण कुठल्याही दाराला कधी न लागलेली.

"ही कुणाची?"

"लेकीसाठी घेतली होती. रविवारी निघून येते म्हणाली होती."

"आली?"

"चौघांनी आणली."

बाईने पुढे केलेला हात मागे घेतला. "मग ही नको, मावशी."

"पेटीत ठेवून कुणाचं दार लागणार आहे? धर."

बाईने स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवला. स्क्रू जागच्या जागी गोल फिरत राहिला.

"औषध पाजतेयस का त्याला?" मावशी म्हणाली. "जोर लाव. दाराला दुखत नाही."

बाईला हसू आलं आणि लगेच गेलं. दार धरून ठेवलेल्या मावशीच्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती, ते तिला आत्ता दिसलं.

"बोटांना काय झालं?"

"दारात सापडली. दार लावणारा घरचाच होता."

"आणि त्या हाताने सुतारकाम?"

"आधी पुष्कळ खिळे वाकडे केले. मग व्हायला लागले सरळ. तो खालचा स्क्रू राहिला बघ."

कडी बसली. जरा तिरकी, पण घट्ट. आता शेवटचं काम. बाई आत, मावशी बाहेर.

"मी 'उघड' म्हणेन, तू 'नाही' म्हणायचं. तेवढं जमलं की झालं."

मावशीने दार ठोठावलं. "उघड."

कडी लगेच सरकली. बाई मान खाली घालून दारात उभी.

"सवय झालीय."

"मलाही होती. लाव परत."

या वेळी मावशीने आवाज चढवला. "ऐकू येत नाही का? उघड म्हणते ना!"

पुन्हा दार उघडलं. बाईने दोन्ही हात तोंडासमोर धरले होते. मावशी रागावली नाही. बाईचे हात धरून तिने सावकाश खाली केले आणि दार स्वतःच ओढून घेतलं. आत कडी सरकली.

"उघड."

आत काही हललं नाही. दारापलीकडे बाईचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग आवाज आला. बारीक, पण आला.

"नाही."

एवढं झालं की मावशी 'शाब्बास' म्हणायची आणि पेटी आवरायला घ्यायची. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. शेजारच्या खोलीतल्या दोघीजणी कान देऊन वाट पाहत होत्या.

मावशीने तळहात दारावर ठेवला. ती कडी आता पलीकडे लागली होती. एवढी वर्षं तिने मनात हेच तर पाहिलं होतं. आत पोर, आणि पोरीच्या हाताने लावलेली कडी.

"उघड गं," ती अगदी हळू म्हणाली. "उघड ना, बाळा. मी आहे."

आतून उत्तर आलं, आता चांगलं खणखणीत.

"नाही उघडणार."