आडनावाची दुरुस्ती

दप्तरखान्यातल्या कारकुनाने जन्म-मृत्यूच्या तीन जाड वह्या टेबलावर आपटल्या. "घ्या, तुमच्या तीन पिढ्या. एका टिंबासाठी रजा टाकून आलेला माणूस आज पहिल्यांदाच पाहिला."

मुद्रितशोधक हसला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि खुद्द आपल्याच आडनावात चूक, हे त्याला सहन होत नव्हतं. पणजोबांच्या एका जुन्या पत्रावर त्याला मूळ आडनाव सापडलं होतं. सोमवारी बाळाच्या जन्मदाखल्यावर त्याने तेच घातलं. आता स्वतःचं बदलायचं होतं, त्यासाठी पुरावा हवा होता.

त्याने वह्या ओळीने उघडल्या. पणजोबांच्या आडनावावरचा अनुस्वार मध्येच गेला होता. आजोबांची दुसरी वेलांटी पहिली झाली होती. बाबांचं जोडाक्षर सुटून त्याची दोन अक्षरं झाली होती.

"लिहिणाऱ्याची डुलकी. दुसरं काय!" कारकून म्हणाला.

"नाही हो. तिन्ही ठिकाणी आडनाव बदलण्याचा अर्ज चिकटवलाय. खाली सह्या आहेत."

आणि प्रत्येक अर्जाच्या आदल्या दिवशी त्याच घरातला एक मृत्यू नोंदलेला होता. पहिलं अपत्य. वय एक महिना. कारणाचा रकाना कोरा. शेवटची नोंद त्याने दोनदा वाचली. वडील म्हणून तिथे बाबांचं नाव होतं. आपल्याला एक मोठा भाऊ होता, हे त्याला पस्तिसाव्या वर्षी कळत होतं.

बाबा आता हयात नव्हते. त्याने बाहेर जिन्यात येऊन आत्याला फोन लावला.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "नाव बदललं की पुढची लेकरं वाचायची. सापडायची नाहीत."

"कोणाला?"

"ते ठाऊक असतं, तर नाव कशाला बदललं असतं रे?"

"आत्या, बाळाच्या दाखल्यावर मी जुनं आडनाव घातलंय."

"महिन्याचं झालं का ते?"

"आज होतंय."

"घरी जा," आत्या म्हणाली. "उभ्या उभ्या नीघ."

तो दोन-दोन पायऱ्या उतरत सुटला. फाटकापाशी पोचतो तोच बायकोचा फोन आला. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा वाटत होता.

"अरे, तुमच्याकडचे कोणी आजोबा आलेत. आपलं ते जुनं आडनाव इतकं ठसक्यात उच्चारलं ना, मला आधी कळलंच नाही. बाळ सकाळपासून नुसतं रडून रडून हैराण होतं. त्यांनी मांडीवर घेतलं मात्र, आणि बघ, एकदम गप्प झालंय."