न उघडलेली पोथी

"ते न्यायला कधी येणार आहेत?" ओबेदने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

"येतील हो," केझाया म्हणाली, आणि घेवड्याच्या पिंपात दोन्ही हात खुपसून तिने गाठोडं वर काढलं. झाडलोट करायची तर पिंप हलवायला हवं, आणि पिंप हलवायचं तर आधी गाठोडं काढायला हवं, असं तिचं म्हणणं. पिंप काही रोज हलवावं लागत नाही, हे ओबेदलाही कळत होतं.

गाठोड्यात सोन्याची पोथी होती. म्हणजे, तसं सांगत. पलीकडच्या टेकडीत एका तरुणाला ती देवदूताने दाखवली, पानं सोन्याच्या पत्र्याची, अक्षरं कुणालाच न लागणारी. तिच्या मागावर अर्धा गाव पुरलेलं धन शोधायच्या दुबेळक्या काठ्या घेऊन रानोमाळ हिंडत होता, म्हणून त्या तरुणाच्या माणसांनी ती आठवडाभरासाठी इथे आणून ठेवली. नियम एकच. उचला, कापडावरून चाचपा, पण उघडून बघायचं नाही. त्या आठवड्याचे आता पाच आठवडे झाले होते.

केझायाने गाठोडं कडेवर घेतलं. कंबर एका बाजूला कलली. खिडकीतून मेपलच्या पानांचं पिवळं ऊन आत येत होतं, आढ्याला सफरचंदाच्या फोडींच्या माळा वाळत होत्या, आणि ती एका हाताने केरसुणी फिरवत खिडकीशी, चुलीशी, पुन्हा खिडकीशी, अशी झोपेत चालल्यासारखी फिरत होती. चुलीजवळ त्यांच्या लेकीची, रोडाची छोटी खुर्ची होती. तापाच्या साथीत ती गेली, त्याला दोन वर्षं झाली. खुर्ची माळ्यावर टाकायचं दोघांच्याही हातून राहूनच गेलं होतं.

ओबेदचा पारा चढला.

"त्या माणसांना आपण थारा देतो म्हणून प्रार्थनेला गेलो तर बाकावर शेजारी कुणी बसत नाही. लोहार विचारतो, काय ओबेद, आता नांगराला सोन्याचा फाळ का? बास झालं! एक घाव दोन तुकडे. सोनं असेल तर दिसू दे, दगड असतील तर ओढ्यात टाकतो."

"उघडायचं नाही असं सांगितलंय."

"तू त्यांच्यातली झालीस की काय?"

"मला त्यांचं काही कळत नाही. पोथी खरी की खोटी, मी विचारलंसुद्धा नाही."

ओबेद चक्रावला. भक्ती नाही, हाव नाही, मग ही बाई रोज हे धूड वागवते कशाला? त्याने खिशातली सुरी काढली. माणूस वाईट नव्हता. दोन वर्षांत हसला नव्हता, एवढंच.

केझाया मागे सरली नाही. तिला रडू फुटलं.

"कापा. पण आधी एकदा कडेवर घ्या. मग काय हवं ते करा."

त्याने वैतागून गाठोडं घेतलं. डावा हात आपसूक त्याच्या खाली गेला, वजन कमरेवर टेकलं. सुरी त्याने चुलीवरच्या फळीवर ठेवून दिली. मोकळा झालेला हात गाठोड्याच्या पाठीवर ठेवला. तो जागच्या जागी हलकेच डोलू लागला. ऊन जमिनीवरून सरकत भिंतीवर चढलं, तरी तो डोलतच होता.

"एवढीच भरायची ती," अखेर तो म्हणाला.

"उघडलंत तर नुसतं सोनं निघेल हो."

त्याने मान हलवली. गाठोड्याची गाठ जराशी सैल झाली होती, ती आवळून घेतली. मग रस्त्याकडे बघत त्याने भीत भीत विचारलं,

"ते न्यायला कधी येणार आहेत?"