शिफारसपत्र

कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मी आमच्या कंपनीतल्या प्रशिक्षकाच्या जागेची माहिती टाकली. पहिला अर्ज आला तो आम्हाला शिकवणाऱ्या कुलथे सरांचा.

अठरा वर्षं सर तासिका तत्त्वावरच शिकवत होते. यंदा त्या तासिकाही मिळाल्या नव्हत्या. मी फोन लावला.

"मॅडम, शिफारसपत्र प्राचार्यांचंच लागतं का? ते नवीन आहेत, मला ओळखत नाहीत."

'मॅडम' ऐकून मी खुर्चीतून उठून उभी राहिले. "मी देते, सर."

माझ्या पहिल्या नोकरीसाठी सरांनी दिलेलं पत्र फाईलमधून काढलं. 'कष्टाळू, वक्तशीर, समोरच्याला समजेपर्यंत कंटाळा नाही.' तेव्हा वाचताना लाजले होते. इतकी मी कुठे होते?

तेच उतरवून काढलं, नाव तेवढं बदललं. आता त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता.