पहिला मग

रेगेन्सबर्गच्या बिअर महोत्सवात क्रांतीच्या जर्मन सासऱ्यांनी लाकडी पिंपाला तोटी ठोकली आणि रिवाजाप्रमाणे पहिला मग पाहुण्याला, म्हणजे तिच्या बाबांना दिला.

"ही बिअर जिवंत असते. यीस्ट तळाशी नुसतं निजलेलं असतं," सासरे म्हणाले. क्रांतीने ते मराठीत सांगितलं.

बाबांनी हळूच विचारलं, "मी दारू सोडलीय, हे सांगितलंयस ना यांना?"

"तुम्ही प्यायचात हेच कुठे सांगितलंय, बाबा!"

सगळे आपापले मग उंचावून बाबांसाठी थांबले होते.

"नुसता ओठांना लावा," ती पुटपुटली.

बाबांनी लावला. खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता.

"पोरी, विचार त्यांना, पिंपात अजून किती आहे?"

सासरे उत्सुकतेने क्रांतीकडे वळले. "काय म्हणतायत? आवडली का?"